चार समान हप्ते आणि कॅलिफोर्नियाचे ३०-४०-०-३० : कमी भरलेल्या राज्य-कराच्या व्याजाचा एक हिशोब

पार्श्वभूमी

हे प्रकरण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये राहणाऱ्या एका बाईंचे आहे. ओळख पटू नये म्हणून त्यांना इथे सुनंदाताई म्हणतो. रकमाही थोड्या बदलून पूर्णांकात आणल्या आहेत. नियम, तारखा आणि व्याजाचा दर मात्र खरे आहेत, कारण सगळा हिशोब त्यांच्यावरच उभा आहे.

सुनंदाताई मूळच्या साताऱ्याच्या. वय पन्नाशीचे, एकट्या राहतात. जवळपास वीस वर्षे एका औषध कंपनीत डेटाचे काम केले आणि २०२३च्या डिसेंबरमध्ये नोकरी सोडली. जानेवारी २०२४ पासून दोन कंपन्यांसाठी कंत्राटी काम सुरू केले. वर्षअखेरी डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) मिळायचा, त्याच्या जागी आता १०९९ (कंत्राटी कमाईचा दाखला) मिळणार होता.

नोकरीत असताना दर पगारातून फेडरल, म्हणजे केंद्राचा, आणि राज्याचा कर आपोआप कापला जायचा. एप्रिलमध्ये थोडाफार परतावा यायचा आणि विषय संपायचा. कंत्राटी कामात कोणी काही कापत नाही. वर्षभरात स्वतः अंदाज करून हप्ते भरावे लागतात, त्यालाच एस्टिमेटेड टॅक्स म्हणतात. हे त्यांना ठाऊक होते. हप्ते कसे पाडायचे ते त्यांनी न्यू जर्सीतल्या एका जुन्या मैत्रिणीला विचारले. ती बरीच वर्षे स्वतःचा व्यवसाय करते. तिने सांगितले, "गेल्या वर्षीचा एकूण कर घे, चारने भाग आणि चार तारखांना भर. पुढे काही विचारत नाहीत."

मैत्रिणीचा सल्ला तिच्यापुरता बरोबर होता. न्यू जर्सीत हप्ते चार सारखेच असतात आणि तिचे उत्पन्नही बेताचे होते. सुनंदाताईंचा २०२३चा कॅलिफोर्निया कर १२,००० डॉलर होता. त्यांनी ३,००० डॉलरचे चार हप्ते केले आणि २०२४ मध्ये १५ एप्रिल, १७ जून, १६ सप्टेंबर आणि पुढे १५ जानेवारी २०२५ या दिवशी भरले. एकही तारीख चुकली नाही. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे "दंड" हा शब्द पाहून त्यांना वाईट वाटले ते याच कारणाने.

अडचण

२०२५च्या मार्चच्या सुरुवातीला त्या माझ्याकडे रिटर्नसाठी आल्या. २०२४चे वर्ष त्यांना चांगले गेले होते. खर्च वजा जाता २,६०,००० डॉलर हाती आले होते, आणि त्यात ऑक्टोबरमध्ये एका प्रकल्पाचे पाऊण लाखाहून जास्त डॉलर एकदम मिळालेले होते. कॅलिफोर्नियाचा कर निघाला १८,८०० डॉलर. भरलेले १२,००० वजा करून ६,८०० बाकी होते. याची तयारी त्यांनी ठेवलेली होती.

त्याखालच्या ओळीत सॉफ्टवेअरने आणखी ३१७ डॉलर लावले होते, एस्टिमेटेड टॅक्स कमी भरल्याबद्दलचा दंड म्हणून. ताई म्हणाल्या, "अहो, मी चारही वेळा वेळेवर भरलेत. पावत्या आहेत माझ्याकडे. दंड कशाचा?"

या रकमेला राज्याचे कर खाते, म्हणजे फ्रँचायझ टॅक्स बोर्ड, दंड म्हणत असले तरी हिशोब निव्वळ व्याजाचा आहे. ज्या तारखेला जेवढे भरायला हवे होते त्यात किती तूट पडली आणि ती किती दिवस राहिली, एवढेच मोजतात. त्यात ठोक रकमेची शिक्षा नाही. ते व्याज चक्रवाढीनेही लावत नाहीत. या संपूर्ण काळात दर वर्षाला ८ टक्के होता. ताईंना मी हे आधी नीट समजावून सांगितले. दंड झाला म्हणजे आपल्या हातून काही गैर घडले, ही भावना आपल्याकडे खोल असते, आणि तिच्या भरात माणूस समोरचा आकडा न तपासता भरून टाकतो. मला तपासायचा होता तो आकडाच.

पहिला निर्णय : तूट कशाच्या तुलनेत मोजायची

कॅलिफोर्नियात वर्षभरात किती भरलेले पुरे धरतात याचे दोन पाये आहेत. चालू वर्षाच्या कराच्या ९० टक्के, किंवा गेल्या वर्षीच्या पूर्ण कराइतकी रक्कम. दोहोंत जी कमी असेल ती चालते. मात्र राज्याच्या हिशोबातले गेल्या वर्षीचे समायोजित उत्पन्न (ठरावीक वजावटी करून उरणारे) १,५०,००० डॉलरच्या वर असले, की गेल्या वर्षीच्या कराच्या ११० टक्के धरावे लागतात. चालू वर्षाचे ते १० लाख डॉलर किंवा त्याहून जास्त असेल, तर गेल्या वर्षीचा आधार मिळतच नाही.

ताईंचे २०२३चे उत्पन्न दीड लाखाच्या वर होते. म्हणून मैत्रिणीला लागू पडलेले १०० टक्के इथे चालत नव्हते. त्यांनी भरायला हवे होते १२,०००च्या ११० टक्के, म्हणजे १३,२०० डॉलर. चालू वर्षाच्या ९० टक्क्यांनी तोच आकडा १६,९२० होतो. कमी तो १३,२००.

सॉफ्टवेअरने १६,९२० धरून व्याज लावले होते. ताई माझ्याकडे पहिल्यांदाच आल्या होत्या. आधीची रिटर्न दुसरीकडे भरलेली, त्यामुळे गेल्या वर्षीच्या कराचा रकाना रिकामा होता. रिकामा रकाना दिसला की सॉफ्टवेअर ९० टक्क्यांचा पाया धरते. त्यात त्याची चूक नाही, त्याला दुसरे काही ठाऊकच नसते. मी २०२३ची रिटर्न मागवली, त्यातला एकूण कर स्वतः वाचला आणि रकान्यात घातला. ३१७चे १०८ झाले.

नवीन व्यवसायात पडलेल्या कोणाचेही असे व्याज पाहताना मी सगळ्यात आधी हा रकाना बघतो. उत्पन्न एकदम वाढलेल्या वर्षी गेल्या वर्षीचा आधार फार मोठा असतो. मात्र गेल्या वर्षीचा "कर" म्हणजे रिटर्नवरचा एकूण कर. पगारातून कापलेली रक्कम वेगळी, परतावा वेगळा. लोक घाईत डब्ल्यू-२ वरचा आकडा वाचून सांगतात आणि पाया चुकतो.

दुसरा टप्पा : तारखांचा हिशोब

१३,२०० मधून १२,००० गेले, म्हणजे तूट १,२०० डॉलरची. त्यावर वर्षभराचे आठ टक्के धरले तरी ९६ होतात. मग १०८ कुठून आले? ताईंनी हा प्रश्न विचारला तेव्हा मला बरे वाटले, कारण या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

फेडरल सरकार वर्षाची रक्कम चार सारख्या हप्त्यांत मागते. कॅलिफोर्निया तसे मागत नाही. एप्रिलमध्ये ३० टक्के, जूनमध्ये ४०, सप्टेंबरमध्ये शून्य आणि जानेवारीत ३०. ही विभागणी २०१० पासून आहे. त्याआधी २००९ मध्ये ती ३०-३०-२०-२० केली होती. राज्य तेव्हा पैशाच्या मोठ्या अडचणीत होते आणि राज्याचे आर्थिक वर्ष ३० जूनला संपते. जूनअखेर ७० टक्के हातात आले तर ते त्याच वर्षाच्या अंदाजपत्रकात धरता येतात. ती अडचण सरली, विभागणी राहिली.

ताईंनी भरलेले चार सारखे हप्ते या विभागणीसमोर मांडले की चित्र दिसते. आलेला पैसा आधी जुन्या तुटीत जमा होतो आणि उरलेला नव्या हप्त्यात, हे लक्षात ठेवायचे.

१५ एप्रिलला हवे होते ३,९६०. आले ३,०००. तूट ९६०, ती १७ जूनपर्यंत ६३ दिवस राहिली. ९६० गुणिले ८ टक्के गुणिले ६३, भागिले ३६६ (२०२४ लीप वर्ष होते) : १३.२२ डॉलर.

१७ जूनला हवे होते ५,२८०. आलेल्या ३,००० मधले ९६० मागच्या तुटीत गेले, उरले २,०४०. नवी तूट ३,२४०. वर्षातला सगळ्यात मोठा खड्डा हा. सप्टेंबरच्या ३,००० नी त्यातला बहुतेक भाग ९१ दिवसांनी भरून काढला, त्याचे व्याज ५९.६७. राहिलेले २४० थेट १५ जानेवारीपर्यंत लटकले. त्याचे २०२४ मधले १९७ दिवस आणि २०२५ मधले १५ दिवस मिळून ११.१२.

सप्टेंबरमध्ये राज्याला काही द्यायचेच नव्हते. ताईंचे ते ३,००० जूनमध्ये गेले असते, तर जवळपास साठ डॉलर वाचले असते आणि खिशातून एक डॉलरही जास्त गेला नसता.

१५ जानेवारीला हवे होते ३,९६०. ३,००० मधले २४० जुन्या तुटीत गेले, उरले २,७६०. तूट १,२००, १५ एप्रिल २०२५ पर्यंत ९० दिवस : २३.६७. या वर्षासाठी भागाकार ३६५ ने.

बेरीज १०७.६८. ताईंनी हे सगळे वहीत उतरवून घेतले, दिवस स्वतः कॅलेंडरवर मोजले आणि मग मान हलवली.

समोरचे पर्याय

काहीच न लिहिता रिटर्न पाठवायची, हा पहिला. बोर्ड स्वतः व्याज काढते आणि बिल पाठवते. साध्या प्रकरणात ही वाट अगदी मान्य आहे. ताईंना मात्र पुन्हा एखादे पत्र येण्याची धास्ती नको होती.

दुसरा माफीचा. त्यांच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटात कोणीतरी लिहिले होते की कॅलिफोर्निया एकदा दंड माफ करते. अशी सवलत खरोखर आहे, २०२२ या करवर्षापासून सुरू झाली. पण ती रिटर्न उशिरा भरणे आणि कर उशिरा भरणे यांच्या दंडासाठी आहे. एस्टिमेटेड टॅक्सच्या तुटीला ती लागू नाही. या तुटीसाठी माफी मागता येते ती आपत्ती किंवा तशाच असाधारण परिस्थितीत, किंवा बासष्टीनंतर निवृत्त झालेल्यांना आणि अपंगत्व आलेल्यांना, तेही सबळ कारण असेल तर. त्याच जानेवारीत वणव्यांमुळे लॉस एंजेलिस काउंटीतल्या लोकांना १५ ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुदत मिळाली होती. फ्रीमाँट तिथून शेकडो मैल दूर. नियम माहीत नव्हता, हे कारण चालत नाही. हा पर्याय आम्ही सोडला.

तिसऱ्या पर्यायाने मला खरे विचारात पाडले. ताईंचे उत्पन्न वर्षभर सारखे नव्हते, मोठी रक्कम ऑक्टोबरमध्ये आली. अशांसाठी फॉर्म ५८०५ मध्ये वेगळी पद्धत आहे. मार्च, मे, ऑगस्ट आणि डिसेंबरअखेरपर्यंतचे उत्पन्न घ्यायचे, त्याला अनुक्रमे ४, २.४, १.५ आणि १ ने गुणून वर्षाचे करायचे, त्यावर कर काढायचा आणि त्याचे २७, ६३, ६३ आणि ९० टक्के त्या त्या तारखेपर्यंत यायला हवे होते असे धरायचे. एप्रिल-जूनमध्ये जे उत्पन्न हातात नव्हते त्याचा हप्ता तेव्हा का भरला नाही, असे मग कोणी विचारत नाही.

मी कच्चा हिशोब केला. निव्वळ उत्पन्न मार्चअखेर ३८,०००, मेअखेर ६८,०००, ऑगस्टअखेर १,२२,०००. एप्रिलची तूट पूर्ण नाहीशी झाली, जूनची तीनशेच्या आत आली, सप्टेंबरला काही उरले नाही. जानेवारीची १,२०० तशीच राहिली. एकूण व्याज तीस डॉलरच्या आसपास, म्हणजे बचत ७८ डॉलरची.

पण त्यासाठी खर्च महिन्यावार लावावे लागणार होते. ताईंकडे जमेची नोंद महिन्याची होती, खर्चाच्या पावत्या एका खोक्यात वर्षभराच्या एकत्र. स्वयंरोजगार कराच्या अर्ध्या भागाची वजावटही प्रत्येक टप्प्याला वेगळी काढावी लागते, आणि फॉर्म रिटर्नला जोडावाच लागतो. माझे तास धरले तर ७८ डॉलर तिथेच संपले असते. मी हे आकडे त्यांच्यासमोर ठेवले आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. त्या म्हणाल्या, "राहू दे. पण पुढच्या वर्षी खोके नको, मी पावत्या महिन्याच्या पाकिटात घालते."

काय केले

नेहमीच्या पद्धतीने काढलेले १०८ डॉलर रिटर्नमध्ये दाखवले आणि १५ एप्रिलला ६,८०० बरोबर भरले. पुढे त्याबद्दल कोणतेही पत्र आले नाही. फेडरलमध्येही ११० टक्क्यांच्या नियमाने थोडी तूट निघाली होती. तिचा हिशोब वेगळा झाला, तो इथे घेत नाही.

इथे माझ्याकडून एक गोष्ट राहिली. ताई आल्या त्याच दिवशी, ८ मार्चला, मी त्यांना १,२०० डॉलर लगेच भरायला सांगायला हवे होते. शेवटच्या हप्त्याच्या तुटीचे दिवस पैसे येतील त्या दिवशी थांबतात, १५ एप्रिलपर्यंत चालत बसत नाहीत. २३.६७ च्या जागी १३.६८ पडले असते. दहा डॉलर म्हणजे फार नाही, पण ते त्यांचे होते आणि वाचवणे माझ्या हातात होते. आता मार्चपर्यंत कोणी आले की रिटर्नचे काम सुरू करण्याआधी मी हे सांगतो.

ताई डिसेंबरमध्ये आल्या असत्या तर आणखी सोपे झाले असते. १५ जानेवारीचा हप्ता तेव्हा १,२०० नी वाढवता आला असता. जून निघून गेलेला असल्यामुळे ते व्याज पडलेच असते, पण शेवटचे पडले नसते. आणि जानेवारी २०२४ मध्ये, कंत्राटावर सही करतानाच, एक तास कोणाजवळ बसल्या असत्या तर एकही डॉलर गेला नसता : ३,९६०, ५,२८०, शून्य, ३,९६०.

पुढच्या वर्षाचे हप्ते

१५ एप्रिल २०२५ हा दिवस त्यांना जड गेला. मागच्या वर्षाची बाकी आणि नव्या वर्षाचा पहिला हप्ता एकाच दिवशी येतात, आणि पहिल्या वर्षानंतर बहुतेक कंत्राटी लोकांना ते तेव्हाच कळते. २०२४च्या कराच्या ११० टक्के म्हणजे २०,६८०. त्याचे ३० टक्के ६,२०४. बाकी आणि व्याज धरून कॅलिफोर्नियालाच १३,११२ डॉलर, फेडरल वेगळे.

ऑक्टोबरसारखा प्रकल्प २०२५ मध्ये दिसत नव्हता. ११० टक्क्यांची वाट सुरक्षित होती, पण त्यात गरजेपेक्षा बरेच जास्त पैसे आधी अडकले असते. दुसरी वाट चालू वर्षाच्या ९० टक्क्यांची. त्यात उत्पन्न वाढले तर व्याज लागणार. पैसे हातात असते तर मी पहिली सुचवली असती. ते नव्हते. त्यांनी वर्षाचा कर १३,५०० धरला, त्याच्या ९० टक्क्यांचे ३० टक्के म्हणजे ३,६४५ भरले, आणि मेअखेर पुन्हा मोजायचे ठरले.

मेअखेर त्यांचा फोन आला. नवे काम मिळाले होते. अंदाज वाढवून १६,००० केला. ९० टक्के १४,४००, जूनपर्यंत त्याचे ७० टक्के म्हणजे १०,०८०. १६ जूनला ६,४३५ भरायचे, असे मी सांगितले आणि एप्रिलच्या तुटीचे काय होईल ते सांगायला लागलो. त्यांनी मला थांबवले. वही उघडलेलीच होती. ४,३२० हवे होते, ३,६४५ भरले, तूट ६७५, दिवस ६२, दर आठ, भागिले ३६५.

"नऊ डॉलर सतरा सेंट," त्या म्हणाल्या. "बरोबर ना?"

बरोबर होते.